भिऊन दिलेला होकार

मी होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो. लिहिणं हे माझं काम नव्हे. पण फिजिओथेरपीच्या बाईंनी सांगितलं, बोटांना व्यायाम म्हणून रोज पानभर लिहा. पहिले काही दिवस मी नुसतं स्वतःचं नाव लिहीत होतो. सायमन, सायमन, सायमन. मग कंटाळा आला. म्हटलं, बोटं झिजवायचीच आहेत तर कुणाच्या तरी उपयोगी पडेल असं काहीतरी लिहू. तुमच्या घरात कोणी असंच पडून असेल, त्याला बोलता येत नसेल आणि आजूबाजूचे सगळे त्याच्या वतीने बोलत असतील, तर हे त्याच्यासाठी आहे. त्याला वाचून दाखवा. त्याला ऐकू येतं.

आधीच सांगून ठेवतो, मी शूर नाही. त्या सगळ्या काळात मी घाबरलेलो होतो आणि अजूनही थोडा आहे. ‘मी मुळीच घाबरलो नाही’ असं सांगणाऱ्या पेशंटवर माझा विश्वास बसत नाही.

पायातली चप्पल

पावसाळ्यात मासेमारी बंद असते. होड्या वर ओढून शाकारलेल्या असतात आणि त्यांची इंजिनं माझ्या शेडमध्ये खोलून पडलेली असतात. वर्षातला माझा सगळ्यात कामाचा काळ तो. आमचं गाव मालवणच्या जरा दक्षिणेला, अगदी किनाऱ्यावर. घरापासून शेड शंभरेक पावलांवर.

त्या आठवड्यात माझं पोट बिघडलं होतं आणि बरंही झालं होतं. बुधवारी सकाळी शेडवर आलो, तर मागून फिलू आली. फिलू म्हणजे फिलोमिना, माझी बायको. तिच्या हातात माझी डावी चप्पल.

“रे, ही पायरेर काय करता? एका पायान चललंस तो?”

मी खाली पाहिलं. डावा पाय उघडा होता. खडीवरून शंभर पावलं चाललो होतो आणि पायात चप्पल नाही हे मला कळलं नव्हतं. आम्ही दोघं हसलो. त्यानंतर बरेच महिने आमच्या घरात कोणी तसं हसलं नाही.

दुपारी हातातून पाना पडला. उचलला, पुन्हा पडला. गुरुवारी खाटेवरून उतरायला गेलो तर पाय आपलेच नाहीत असं वाटलं. गावातल्या डॉक्टरांनी अशक्तपणा म्हणून इंजेक्शन दिलं. संध्याकाळपर्यंत गुडघे गेले. शुक्रवारी पहाटे मला ॲम्ब्युलन्समध्ये घालून गोव्याच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं. वाटेत प्रत्येक वळणावर फिलू माझ्या मांडीवर दाबून विचारायची, “हयसर कळता?” गोव्याच्या हद्दीवरचा पत्रादेवीचा नाका येईपर्यंत मी हो म्हणत होतो. नाका ओलांडल्यावर खोटं हो म्हणू लागलो.

कुठपर्यंत

तिथल्या डॉक्टरबाई तरुण होत्या, पण घाईत नव्हत्या. खुर्ची ओढून बसल्या. हा नसांचा आजार आहे, बहुतेक जण ह्यातून बरे होतात, म्हणाल्या. “पण आधी तो वर चढतो.”

“कुठपर्यंत?” मी विचारलं.

“ते आज सांगता येणार नाही.”

मी माझ्या परीने समजून घ्यायला बघितलं. विचारलं, तार शाबूत आहे आणि वरचं कोटिंग जळालंय, असंच ना? त्या म्हणाल्या, असंच समजा. कोटिंग परत येतं? येतं, पण फार हळू येतं. आणि मध्ये श्वासाची तार आली तर? त्या म्हणाल्या, “तर आम्ही मशीन लावू.”

इंजिन बंद पडतं ते एकदम पडतं. मी असा पायापासून वर, तासातासाने बंद पडत होतो आणि स्वतःच बघत होतो. शनिवारी कमरेपर्यंत आलं. रविवारी हात गेले. एका श्वासात चार शब्द निघत होते, मग दोन निघू लागले. घशात नळी घालायच्या आधी फिलूला आत सोडलं. मला तिला बरंच काही सांगायचं होतं. तोंडातून निघालं, “शेडीक... कुलूप... लाव.” त्यानंतर पंचेचाळीस दिवस मी एक शब्द बोललो नाही.

वर म्हणजे हो

चेहराही गेला. हसता येईना, रडता येईना, पापण्या पूर्ण मिटेनात. झोपताना डोळे सुकू नयेत म्हणून त्यात मलम घालून वर चिकटपट्टी लावायचे. बुबुळं तेवढी हलत होती. एका नर्सने, तिला मी जन्मभर विसरणार नाही, पहिल्याच दिवशी माझ्या तोंडाशी वाकून सांगितलं, “काका, वर बघितलं की हो. बाजूला बघितलं की नाही. आता सांगा, दुखतंय?” मी वर बघितलं. तेवढ्यानेच मला वाटलं, अजून माणसात आहे मी.

तिथला दिवस असा. सहाला अंग पुसणं. दर दोन तासांनी कुशीवर वळवणं. मधूनमधून नळीतला कफ खेचून काढणं. ते एवढं भयंकर असायचं की ट्रॉलीचं चाक वाजलं तरी माझ्या छातीचे ठोके वाढायचे आणि मॉनिटर ओरडायचा. मग सगळे मॉनिटरकडे बघायचे. माझ्याकडे बघायचं थोड्यांनाच सुचायचं.

भेटायची वेळ दहा मिनिटं. लोक खाटेशी उभे राहून माझ्या डोक्यावरून एकमेकांशी बोलायचे. एका नातेवाइकाने माझ्या देखत फिलूला विचारलं, “ह्येका कळता तरी काय?” मला सगळं कळत होतं. त्याच्या इंजिनाचं काम मी त्या सीझनला फुकट करणार होतो, तो बेत तिथल्या तिथे रद्द केला.

मी सरकत गेलो

इथे एक गोष्ट सांगायला हवी. मी किरिस्तांव आहे, पण बरीच वर्षं चर्चला जात नव्हतो.

लोकांना ह्याला कारण लागतं. कुणाशी भांडण झालं होतं का, कुणी गेलं होतं का, देवावर राग होता का. तसं काही नव्हतं. रविवारी सकाळी होडीवाल्यांना वेळ असतो, तेव्हाच ते इंजिन दाखवायला येतात. एक रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, चुकली, मग दोन चुकल्या. मग फक्त नाताळ आणि ईस्टर राहिले. मग नाताळलाही मी आत न बसता बाहेर झाडाखाली उभा राहू लागलो. नांगर नीट धरला नसला की होडी सरकते आणि आतला माणूस उठून बघतो तर किनारा लांब गेलेला असतो, तसं झालं. एक दिवस लक्षात आलं की प्रार्थना म्हणताना मी कुणाशीच बोलत नाही. मग म्हणायचंही सोडलं.

आई होती तोवर दर रविवारी चर्चला निघताना शेडच्या दारातून ओरडायची, “मिस्साक येवक नको तुका! मेल्यार पुरतले खंय तुका? जेटीर?”

“जेटीर पुरान टाका,” मी म्हणायचो, “होडये तरी दिसतले.”

आता छताकडे बघत पडल्यावर तेच वाक्य कानात घुमायला लागलं. चर्चच्या मागे आमच्या घरच्यांची जागा आहे. आई तिथेच आहे. मी मेलो तर फिलूला चर्चमध्ये जाऊन हात जोडावे लागतील आणि कोणीतरी म्हणेल, हा माणूस गेल्या किती वर्षांत इथे दिसला नाही. हे चित्र मी रोज बघत होतो. मरणाची भीती एक, आणि मेल्यावर मला कोण घेणार ही दुसरी.

आणि तिसरी भीती सगळ्यात वाईट होती. मला कळत होतं की मी एवढा घाबरलोय की कुणी येऊन काहीही विचारलं, तरी मी वर बघेन. देव मानतोस? वर. चुकलास? वर. जे मी धडधाकट असताना मानत नव्हतो, ते केवळ जीव जाईल म्हणून कबूल करेन आणि मग त्या माणसाला ‘मी’ म्हणायचं तरी कसं?

तेलाची बाटली

आमच्या शेजारी नातालीनमावशी राहते. सत्तरी ओलांडलेली, ठेंगणी, हातात कायम छत्री. माझ्या आईची मैत्रीण. चर्चमधून आजाऱ्यांना भेटायला जाणाऱ्या बायकांत ती सगळ्यात जुनी. मी मशीनवर असताना ती आठवड्यातून दोनदा एसटीने गोव्याला यायची, बांद्याला गाडी बदलून, जाऊन-येऊन अख्खा दिवस मोडून. मला दर वेळी वाटायचं, आज ही देवाचं सुरू करणार. पण ती म्हणायची, “पेद्रूच्या इंजिनाची पत्र्याखाली नीट झाकपाक केलंय,” नाहीतर, “तुझ्या माडार मुंगूस इलेलो.” आणि गप्प बसून माझी नखं कापायची.

तिसऱ्या आठवड्यात घशातली नळी काढून गळ्याला भोक पाडून तिथे बसवली, आणि मला छातीचा संसर्ग झाला. ताप उतरेना. त्याच शुक्रवारी मावशीबरोबर आमचे फादर आले. तरुण आहेत, वसईकडचे, शांतपणे बोलतात. त्यांच्या हातात ती छोटी बाटली होती.

आता आमच्या गावची गोष्ट ऐका. आजाऱ्याला लावायचं पवित्र तेल हे आजाऱ्यासाठी असतं, मरणाऱ्यासाठीच असं नाही, हे दर वर्षी फादर वेदीवरून सांगतात. दर वर्षी सगळे माना हलवतात. आणि एकाचाही त्यावर विश्वास नाही. फादरची गाडी आडवारी, म्हणजे रविवार सोडून, तेल घेऊन निघाली की आमच्याकडे एकच अर्थ होतो. माझाही तोच झाला. बाटली बघून मी समजलो. डॉक्टरांनी ह्यांना सांगितलंय, मी चाललो.

“सायमनभाऊ,” फादर म्हणाले, “तेल आणलंय. तुम्हाला हवं असेल तरच. नको असेल तर मी नुसता बसतो.”

मी बाजूला बघितलं. इतक्या जोरात बघितलं की डोळे दुखले. फिलूने तोंडावर पदर धरला. फादरनी बाटली खिशात ठेवली आणि खरंच नुसते बसले. मावशीने पिशवीतून खोबरेल काढलं.

“नको तर नको,” ती म्हणाली. “ह्या तेल तरी चलात मां? पाय बघ कसे फुटलेत.”

आणि माझे पाय आपल्या मांडीवर घेऊन चोळत बसली. मला त्यातलं काही जाणवत नव्हतं. मी नुसतं बघत होतो, ते कुणा दुसऱ्याचे पाय असावेत तसं.

नळी

सोमवारी दुपारी कुशीवर वळवताना मशीनची नळी गळ्यापाशी सुटली. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. नर्स म्हणते, काही सेकंदच. वळवणारी माणसं पाठीमागच्या बाजूला होती, मॉनिटर ओरडत होता, आणि हवा येत नव्हती. छाती हलवायला मला छातीच नव्हती. ओरडायला गळा नव्हता. मी बुबुळं वर केली आणि वरच ठेवली. हो, हो, हो. कुणाला ते माहीत नाही. कुणी काहीही माग, मी हो म्हणतो.

नळी जोडली गेली. सगळे आपापल्या कामाला लागले. मी मात्र तिथून परत आलो नव्हतो. तासाभराने भेटायची वेळ झाली आणि फिलूच्या पाठोपाठ मावशी आली, तेव्हाही माझे डोळे वरच होते.

“काय व्हया रे?” मावशी वाकली. “दुखता? वळवक व्हया? सिस्टरीक साद घालू?”

बाजूला. बाजूला. बाजूला.

मग ती हळूच म्हणाली, “फादराक?”

वर.

फिलू रडायलाच लागली. “देवा, पावलंस रे! मावशे, आत्ताच्या आत्ता फोन कर.” पण मावशी हलली नाही. माझ्याकडे बघत राहिली. मग तिने नर्सला विचारलं, आज काय झालं? नर्सने नळीचं सांगितलं.

मावशी परत खाली वाकली. तिचा चेहरा माझ्या अगदी जवळ होता आणि तो पांढरा पडलेला होता.

“सायमा, आज नको. आज तू भियालंस. भिवन दिलेलो हो माका नको रे, आणि देवाकय नको. मी बुधवारी परत येतंय. तेव्हा परत विचारतलंय. तंवसर तू खंय जावचंस नाय. समाजला?”

दहा मिनिटं संपली. दार बंद झालं आणि बाहेरून मला फिलूचा आवाज ऐकू आला. एवढ्या वर्षांत तिला एवढ्या मोठ्याने बोलताना मी ऐकलं नव्हतं. “तू कोण गो नको म्हणणारी? तो हो म्हणालो! बुधवारपर्यंत ऱ्हवलो नाय तर? मगे माझो घोव माका थंय वर भेटतलो काय? सांग माका! भेटतलो काय?”

मावशीचं उत्तर मला ऐकू आलं नाही. त्यानंतर फिलू तिच्याशी बोलेनाशी झाली.

मला तेव्हा काय वाटलं ते खरं सांगतो. मलाही तिचा राग आला. मी बुडतोय आणि ही बाई दोर मागे घेते. मग मंगळवारी, ताप जरा कमी झाल्यावर, मला उलट वाटू लागलं. ही एकटीच आहे जिने माझ्या घाबरण्याचा फायदा घेतला नाही. मी जिवंत राहीन अशा हिशेबाने माझ्याशी बोलणारी तीच एक होती. मला ‘बुधवारी’ असं कुणी म्हणतच नव्हतं. बाकीचे सगळे ‘बघूया’ म्हणत होते.

बुधवार

ती आली. छत्रीतून पाणी गळत होतं, ती दारात ठेवून आली. फिलू पाठ करून उभी होती.

“इचारतंय,” मावशी म्हणाली. “फादराक बोलवू?”

मी शोधून पाहिलं. भीती होती, पण सोमवारसारखी नाही. तिच्या खाली काय आहे ते मला दिसेना. हो नव्हतं आणि नाहीही नव्हतं. मी वर बघितलं नाही, बाजूलाही बघितलं नाही. सरळ तिच्याकडे बघत राहिलो.

“बरां,” मावशी म्हणाली. “कळला. घाई नाय.” आणि नखं कापायची कात्री काढली.

घरी

आजार जसा चढला तसाच उतरला, पण चढायला दिवस लागले आणि उतरायला महिने. एका सकाळी खांदा हलला. मग छाती थोडी थोडी ओढू लागली. मशीन दिवसातून अर्धा तास बंद, मग दोन तास. मशीन बंद करायची वेळ आली की माझ्या आधी मॉनिटर ओरडायचा. नळी निघाल्यावर गळ्याच्या भोकावर बोट ठेवून पहिला शब्द बोललो. फिलूला वाटलं, तिचं नाव घेईन. मी विचारलं, “कुलूप... लावलंस?” ती हसता हसता रडली आणि मला एक चापट मारली. ती चापट मला कळली.

ऑक्टोबरात घरी आणलं. पाय नावाला होते. वॉकर धरून ओटीपासून न्हाणीपर्यंत जायला दहा मिनिटं. लहान मुलासारखी माझी मान धरून फिलू मला जेवू घालायची आणि मी तिच्यावर खेकसायचो. बरं होणारा माणूस आजारी माणसापेक्षा घरच्यांना जास्त छळतो, हे कुणीतरी तिला आधी सांगायला हवं होतं. एकदा ती ताट तसंच ठेवून निघून गेली, मागच्या पायरीवर जाऊन बसली आणि तासभर आत आली नाही. तिचंही बरोबर होतं.

आणि गावात काहीतरी लपवताहेत, असं मला वाटू लागलं. होडीवाला पेद्रू भेटायला आला. ह्याचं इंजिन जूनपासून माझ्या शेडमध्ये खोलून पडलंय. पण इंजिनाचा विषय न काढता तो जमिनीकडे बघत बसला. मी त्याला धरलंच. “काय आसा ता सांग. माका परत काय झालाहा काय?”

“तुका काय नाय रे,” पेद्रू म्हणाला. “ता... चर्चीच्या फाटल्यान एक खड्डो आसा.”

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. आमच्याकडे खड्डा खणायला भाड्याची माणसं आणत नाहीत, वाडीतलीच माणसं खणतात. जांभा दगड आहे, पहार लागल्याशिवाय खोल जात नाही, दोन दिवस जातात. त्या शुक्रवारी फादरची गाडी तेल घेऊन गोव्याकडे जाताना पेद्रूने बघितली. झालं. पावसाचे दिवस, प्रेत येईल तेव्हा फिलूला तिष्ठत बसायला नको, म्हणून चौघे जण पहारी घेऊन गेले आणि भर पावसात दिवसभर खणत राहिले. संध्याकाळी निरोप आला, सायमन जिवंत आहे. पण तोवर निम्मं झालं होतं. आणि नंतर कुणालाच कळेना काय करावं. डॉक्टर म्हणत होते, सांगता येत नाही. पुरा करायचा तरी कसा आणि बुजवायचा तरी कसा? बुजवला आणि तो गेला तर? म्हणून वर एक पत्रा टाकून ठेवला. पत्र्याखाली पाणी साचलं, बेडकं झाली. आम्ही घरी आल्यापासून फिलू दर रविवारी त्याच्या बाजूने चर्चला जात होती आणि मला एका शब्दाने बोलली नव्हती.

मी हॉस्पिटलात पडल्या पडल्या ज्याला घाबरत होतो, ते खरोखर खणून तयार होतं.

मग मी विचारलं, “खंय खणलास?”

पेद्रू माझ्याकडे असा बघायला लागला, जणू ह्याचं डोकंही गेलं की काय. “खंय म्हणजे? तुझ्या आवशीच्या बाजूक. आणि खंय खणतले?”

“कोणी काय विचारूक नाय? मी चर्चीत येय नाय ता?”

“तेचो काय संबंध?” पेद्रू म्हणाला. “तू आमचोच मां?”

मूठभर माती

नोव्हेंबरच्या दोन तारखेला मृतांचा दिवस. आदल्या दिवशी सगळे आपापल्या थडग्यांवरचं गवत काढतात, चुना लावतात, मेणबत्त्या ठेवतात. तो पत्रा तिथे ठेवून चालणार नव्हतं. पेद्रू सांगायला आला की आज दुपारी बुजवतोय. मी म्हटलं, मी येतो.

फिलू नको म्हणाली. मग वॉकर घेऊन आली. चर्चच्या फाटकापर्यंत रिक्षाने गेलो, पुढे पन्नास पावलं चाललो. फादर तिथे होते, नातालीनमावशी आईच्या थडग्यावरचं गवत काढत बसली होती. फिलूने तिच्याकडे बघितलं, मग वाकून तिच्या शेजारचं गवत उपटायला लागली. दोघी बोलल्या नाहीत, पण गवत एकाच ढिगात टाकत होत्या.

पत्रा काढला. आत लाल पाणी आणि माझ्या मापाची जागा. पेद्रूने मला मागून धरलं. चौघांनी माती लोटायला सुरुवात केली. आमच्यात पुरताना प्रत्येक जण मूठभर माती टाकतो. मी पेद्रूला म्हटलं, मला खाली वाकव. त्याने वाकवलं. बोटं पूर्ण मिटत नव्हती, अर्धी माती सांडली. उरलेली मी माझ्या खड्ड्यात टाकली.

मला आईचा आवाज ऐकू आला, शेडच्या दारातला. जेटीवर नाही गं, मी मनात म्हटलं. तुझ्या शेजारीच. ह्यांनी मला न विचारताच ठरवून टाकलं होतं.

माती सपाट झाल्यावर मी फादरना विचारलं, “ती बाटली आहे का हो तुमच्याकडे?”

“आता कशाक?” पेद्रू दचकला. “आता तर बरो झालंस!” आणि त्याने नकळत पहारीकडे हात नेला. फादर हसू दाबत गाडीकडे गेले.

मावशी गुडघ्यावर हात टेकून उठली आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. “सायमा, भियालंस काय?”

“भियालंय,” मी म्हटलं. “रोज भियतंय. परत चढात काय म्हणान रोज सकाळी पायांची बोटां हलवन बघतंय. पण ह्या तेच्यासाठी नाय.”

तिने माझ्या डोळ्यांत बघून घेतलं, त्या सोमवारसारखंच. “ते दोन दिस,” ती म्हणाली, “सोमवार ते बुधवार. माझ्या घशाखाली घास उतराक नाय रे. म्हटला, सायमन गेलो तर देवाक तोंड काय दाखवू?” फिलूने मातीचा हात तसाच तिच्या पाठीवर ठेवला.

फादर बाटली घेऊन आले. कपाळाला तेल लावलं. मग तळहात पुढे करायला सांगितले. ते लाल मातीने भरलेले होते. मी म्हटलं, थांबा, धुऊन येतो.

“राहू दे,” ते म्हणाले.

त्यांनी मातीवरूनच अंगठा फिरवला, आधी उजव्या हातावर, मग डाव्या. गार, जरा खरखरीत. जूनपासून माझ्या डाव्या तळहाताला काही कळत नव्हतं. तो अंगठा मला कळला.